बँकेच्या भिंतीवर गाई

बडोद्याच्या मुलांना बँकेची थोरवी वेगळी सांगायला नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०८ साली येथे बँक ऑफ बडोदा स्थापन केली, हे पाचवीतला विद्यार्थीही सांगतो. त्याच वर्षी सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ओवाटोना या छोट्या गावात नॅशनल फार्मर्स बँकेची इमारत उभी राहिली. तिच्याकडून आपण आजही काही शिकावे, असे आम्हाला वाटते.

त्या काळी अमेरिकेत बँक म्हणजे ग्रीक-रोमन देवळासारखे उंच खांब, अशी रीतच पडली होती. पण ओवाटोना हा शेतीचा आणि दूधदुभत्याचा मुलूख. बँकेचे कार्ल बेनेट यांना उसने खांब नको होते. शिकागोच्या उंच इमारतींमुळे नावाजलेले वास्तुविशारद लुई सलिव्हन यांच्याकडे त्यांनी काम सोपवले. सलिव्हन आणि त्यांचे सहकारी जॉर्ज एल्म्स्ली यांनी ६८ फूट लांबी-रुंदीची चौरस इमारत आखली. खाली तांबडा दगड, वर विटा, दोन बाजूंना भव्य कमानी व त्यांत रंगीत काचा. आत भिंतींवर ऑस्कर ग्रोस यांची दोन मोठी चित्रे: एकात गाई, दुसऱ्यात पिकाची कापणी. शेतकऱ्यांना बसून बोलण्यासाठी वेगळी खोली होती. ही गोठ्याची नक्कल नव्हती. तिजोरी, विजेचे दिवे, सारे आधुनिकच होते. मात्र आत येणाऱ्याला आपले कष्ट भिंतीवर दिसत होते.

आता आपल्याकडे पाहू. खेड्यातली शाखा बहुधा भाड्याच्या गाळ्यात असते. काचेचे दार, बंद खिडक्या, उंच काउंटर. पेन्शनसाठी आलेले आजोबा दाराशी चपला काढतात आणि उन्हात रांग धरतात, हे आम्ही पाहिले आहे. मोबाइलवर सगळे होते म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की, शाखेत आज येतात ते बहुतेक मोबाइलवर न जमणारेच. म्हणून शाखा त्यांच्या सोयीची हवी.

आपल्या भागातील जुन्या घरांत याची उत्तरे आहेत. रस्त्याकडेचा ओटा, त्यावर छपराची सावली, उजेड-वारा आत घेणारा चौक, बसून बोलण्याची बैठक. ओटा आणि सावली दिल्याने तिजोरीची सुरक्षा कमी होत नाही आणि खर्चही फारसा वाढत नाही. भिंतीवर कापूस असावा, दूधमंडळी असावी. मात्र शोभेसाठी काहीही उचलून चिकटवू नये. छोटा उदेपूरच्या राठवांचा पिठोरा ही देवाची मांडणी आहे, नुसती नक्षी नव्हे. तो काढायचा तर आधी त्यांनाच विचारले पाहिजे. वारसा म्हणजे माणसांचा मान, हे विसरून चालणार नाही.

सुंदर इमारतीने बँक तरते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ओवाटोनाची ती बँक १९२६ साली बुडाली. इमारत राहिली, पुढे दुसऱ्या बँकांनी ती वापरली आणि १९८१ साली अमेरिकेने तिचे टपाल तिकीट काढले. व्यवहार माणसेच सांभाळतात. इमारत एवढेच सांगते की, येथे कोणाला मान आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत गावी जाल तेव्हा तेथील बँकेत जा. रांगेतल्या तीन वडीलधाऱ्यांना विचारा, तुम्ही बसता कुठे? मग त्यांच्यासाठी शाखेचा नकाशा काढून आणा. निवडक नकाशे फलकावर लावू. विश्वस्त मंडळींनीही ते अवश्य पाहावेत, कारण उद्या आपल्या शाळेची नवी इमारत उभी करताना हाच प्रश्न आपल्यापुढेही येणार आहे.