आठ रुपयांचा प्रश्न आपलाही आहे

लखनौत रायबरेली रस्त्यावरच्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठापासून ऑटोने वीस मिनिटांवर एक वस्ती आहे. पीएचडीच्या कामासाठी मी तिथे जाते. घरं बहुतेक जाटव आणि वाल्मीकी समाजाची. बायका घरकामाला जातात, पुरुष बांधकामावर किंवा साफसफाईला. आई सकाळी सहाला बाहेर पडली की तीन वर्षांच्या भावाला सांभाळते आठ वर्षांची बहीण, आणि म्हणून तिची शाळा बुडते. सर्वात जवळची आंगनबाडी मोठ्या रस्त्यापलीकडे, भाड्याच्या एका खोलीत. तो रस्ता लहान मूल एकटं ओलांडू शकत नाही. त्यामुळे वस्तीतल्या मुलांची नावं रजिस्टरात आहेत आणि मुलं गल्लीत.

मला हे नवं नाही. माझी आई परभणी जिल्ह्यात वीस वर्षं अंगणवाडी मदतनीस होती. मी तिच्याच खिचडीच्या पातेल्याशेजारी अक्षरं गिरवली. एमएला समाजशास्त्र शिकले तेव्हा ‘मानवी भांडवल’ वगैरे शब्द भेटले, पण सरकारने लहान मुलांवर पैसा का खर्च करायचा, हे त्या पातेल्यापाशी आधीच कळलं होतं.

लखनौत ‘आंगनबाडी’ हा शब्द ऐकला की मला बोर्डी आठवते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक ठाणे जिल्ह्यातल्या त्या गावी गेल्या. दलित आणि आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज उत्तर प्रदेशात पावणेदोन लाखांहून अधिक केंद्रं आहेत. अंगण मात्र कुणाचं, हा प्रश्न उरतोच. केंद्राची जागा ठरते तेव्हा गावात-शहरात कुणाचा शब्द चालतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणूनच १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाला लिहावं लागलं की नवी केंद्रं उघडताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या.

आता पैशाचं बोलू. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाच्या पोषण आहारासाठी दिवसाला ८ रुपये. हा दर २०१७ मध्ये ठरला, त्याआधी तो ६ होता. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका मुलामागे २,४०० रुपये. पुढे आठ वर्षांत तेल, डाळ, गॅस कुठल्या कुठे गेलं, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात दर ‘योग्य तितके’ वाढवण्याचं आश्वासन मिळालं. अंडं तर उत्तर प्रदेशच्या केंद्रांत मिळतच नाही. तिथे पैशाच्या आधी कुणाच्या तरी सोवळ्याचा प्रश्न येतो. त्याच राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार पाच वर्षांखालची ३९.७ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत.

हे काम करणाऱ्या बाईची किंमतही अशीच. २०१८ पासून केंद्राने ठरवलेलं मानधन सेविकेला ४,५०० आणि मदतनीसाला २,२५० रुपये. राज्यं आपापली भर घालतात. पगार म्हटलं तर ती कर्मचारी ठरेल, म्हणून ‘मानधन’. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे एवढं मान्य व्हायला २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.

पैसा नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला २०१५-१६ चा अर्थसंकल्प दाखवावा. राज्यांचा करातला वाटा ३२ वरून ४२ टक्के झाला, आता त्यांनी बघावं, असं म्हणत केंद्राने या योजनेची तरतूद आधीच्या वर्षीच्या निम्म्याहूनही खाली आणली. ओरड झाल्यावर पुरवणी मागण्यांतून काही परत आली. म्हणजे ओरडल्याने पैसा येतो. त्या वेळी ओरडणाऱ्यांत आपण पदवीधर किती होतो?

आपण शिष्यवृत्ती रखडली की रस्त्यावर येतो, आणि यायलाच हवं. पण आरक्षण ज्या दारापाशी सुरू होतं, तिथवर ती आठ वर्षांची बहीण पोचतच नाही. ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या खालचं मूल कलम ४५ मध्ये राहिलं, जिथे राज्याने फक्त ‘प्रयत्न’ करायचा आहे. यावर आपल्या किती परिषदांत ठराव झाला? बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेताना हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, असं म्हटलं होतं. मूल जन्मायच्या आधीपासूनचा खर्च त्यांनी सार्वजनिक मानला होता.

घरचंच सांगते. माझा भाऊ नोकरीला लागला आणि भाचीला इंग्रजी नावाच्या प्ले-स्कूलमध्ये घातलं. आईने विचारलं, ‘माझी अंगणवाडी काय वाईट होती?’ तो गप्प बसला. मी त्याला दोष देत नाही, मीही कदाचित तेच केलं असतं. पण आपल्यातला एकेक शिकलेला माणूस असा बाहेर पडतो, आणि मागे ज्यांचं म्हणणं कुणी ऐकत नाही त्यांचंच मूल उरतं. मग दर आठ रुपयांवर अडला काय आणि खोली गळली काय, अधिकाऱ्याला जाब विचारणारं पालकांत कुणी राहत नाही.

२००६ च्या त्याच आदेशात आणखी एक गोष्ट आहे. वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. हे मी वस्तीतल्या बायकांना वाचून दाखवलं तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘लिखेगा कौन?’ गेल्या रविवारी आम्ही घरोघरी फिरून यादी केली. ५७ मुलं निघाली. अर्ज मी लिहिला, सह्या आणि अंगठे त्यांचे. सोमवारी चार जणी घरकामाला सुट्टी टाकून माझ्यासोबत कार्यालयात आल्या. बाबू आधी अर्ज घेईना. आम्ही पोहोच मिळेपर्यंत बाकावरून उठलो नाही. शिक्का मारलेली प्रत आता त्यांच्यातल्या सर्वात वयस्क आजीच्या पेटीत आहे.