एकच स्विफ्ट, देशोदेशी वेगळी : जालन्याच्या ग्राहकाने किंमत पाहावी की स्टार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला आणि ऐन दसरा-दिवाळीच्या तोंडावर देशभरातल्या शोरूममध्ये गर्दी उसळली. ज्या घरात आजवर दोन मोटारसायकलींवर भागत होतं, त्या घरातही आता ‘एखादी छोटी गाडी घेऊन टाकू’ अशी चर्चा सुरू आहे. आपल्या जालना जिल्ह्यात मोंढ्यातले व्यापारी, स्टील कारखान्यांतले सुपरवायझर, शाळांतले शिक्षक आणि अंबड-परतूरचे मोसंबी बागायतदार हेच या छोट्या गाड्यांचे खरे ग्राहक. त्यामुळे हा विषय फक्त कंपन्यांचा किंवा शेअर बाजाराचा नाही, आपल्या घरातला आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस, असा २९ टक्के कर होता. तो आता १८ टक्के झाला. म्हणजे कराआधी १०० रुपयांची असलेली गाडी पूर्वी १२९ ला पडायची, ती आता ११८ ला पडते. एकूण किमतीत साधारण साडेआठ टक्क्यांची घट. काही कंपन्यांनी त्यात स्वतःचीही थोडी कपात घातली. मारुतीची स्विफ्ट मे २०२४ मध्ये ६ लाख ४९ हजारांपासून सुरू झाली होती, ती ५ लाख ७९ हजारांवर आली. अल्टो के-१० ची सुरुवात ३ लाख ७० हजारांवर आली. हे सगळे एक्स-शोरूमचे भाव. त्यावर आरटीओचा कर आहेच. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात तो ११ टक्के, म्हणजे स्विफ्टवर ६३ हजारांच्या पुढे. शिवाय विमा वेगळा.

बाहेर गाडी स्वस्त मिळते का?

जालना जिल्ह्यातल्या अनेक घरांतलं कोणी ना कोणी सौदी, दुबई किंवा कतारमध्ये कामाला आहे. तिकडून फोनवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आपल्याकडे गाडी महाग आणि भंगार, इकडे स्वस्त आणि मजबूत.’ हे अर्धं खरं आणि अर्धं खोटं आहे.

किमतीचं म्हणणं खरं नाही. भारत ही छोट्या गाडीसाठी जगातल्या सर्वांत स्वस्त बाजारपेठांपैकी एक आहे. नवी स्विफ्ट जपानमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा तिची सुरुवात १७ लाख २७ हजार येनपासून होती, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास १० लाख रुपये. ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये तीच गाडी १८ हजार ६९९ पौंडांपासून सुरू झाली, म्हणजे सुमारे २० लाख रुपये. आपल्याकडे ती साडेसहा लाखांत आली.

शेजारच्या पाकिस्तानचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथे सुझुकीची मेहरान ही गाडी, म्हणजे थोडक्यात आपली जुनी मारुती ८००, १९८९ पासून २०१९ पर्यंत जवळजवळ तशीच विकली गेली. २०१९ मध्ये तिच्या जागी ६६० सीसीची अल्टो आली, तेव्हा तिची किंमत जेमतेम १० लाख पाकिस्तानी रुपयांपासून सुरू होत होती. आज ती २५ लाखांच्या वर आहे. आपल्या पैशांत ८ लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या हजार सीसीच्या अल्टोच्या दुपटीहून जास्त. कारण उघड आहे. बाजार लहान, बरेच सुटे भाग डॉलर मोजून बाहेरून आणायचे, रुपया घसरलेला आणि वरून कर. भारतात मात्र वर्षाला लाखो गाड्या बनतात आणि बहुतेक भाग इथेच तयार होतात, म्हणून भाव आटोक्यात राहतो.

आखातात तर गंमतच आहे. तिथल्या रस्त्यांवर धावणाऱ्या डिझायर आणि ग्रँड आय-१० पैकी कितीतरी गाड्या भारतातच बनून गेलेल्या असतात. फरक पडतो तो पेट्रोलमध्ये. सौदीत ९१ ऑक्टेन पेट्रोल सव्वादोन रियालच्या आत मिळतं, म्हणजे लिटरला पन्नास-बावन्न रुपये. आपण शंभराच्या वर मोजतो. त्यामुळे तिकडचा माणूस गाडी किती देते हे विचारत नाही आणि आपला माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. ‘तिकडूनच गाडी आणू का?’ असंही काही जण विचारतात. सौदी-दुबईत स्टीअरिंग डावीकडे असतं, तशी गाडी इथे आयात करता येत नाही. आणि उजव्या स्टीअरिंगची जुनी गाडी आणायची म्हटली तर तीन वर्षांची अट आहे आणि जबर आयात शुल्क आहे. तो विचार सोडलेलाच बरा.

मग ‘मजबूत’चं काय?

फोनवरच्या त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मात्र गंभीर आहे. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी असते, हे कागदावर सिद्ध झालेलं आहे.

सर्वांत जवळचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच. पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगन पोलो बनायची. युरोपातल्या पोलोला २००९ मध्ये युरो एनकॅपच्या चाचणीत पाच स्टार मिळाले होते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकली जाणारी, एअरबॅग नसलेली पोलो ६४ किलोमीटर वेगाने धडकवून पाहिली. निकाल शून्य स्टार. त्याच चाचणीत अल्टो ८००, नॅनो, आय-१० आणि फोर्ड फिगो यांनाही शून्यच मिळाला. पण पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच वेळी चार स्टार मिळाले आणि कंपनीने बिनाएअरबॅगचं मॉडेल विकणं बंद केलं. कारखाना तोच, कामगार तेच. दोन एअरबॅग बसवल्या आणि शून्याचे चार झाले. मग आधी का बसवल्या नाहीत? कारण तेव्हा भारताचा कायदा तसं सांगत नव्हता आणि ग्राहकही मागत नव्हता.

स्विफ्टचंही तसंच. तिच्या मागच्या पिढीच्या गाडीला २०२१ मध्ये लॅटिन अमेरिकेत शून्य स्टार आणि २०२२ मध्ये भारतीय गाडीला ग्लोबल एनकॅपमध्ये एक स्टार मिळाला. नव्या पिढीच्या स्विफ्टला २०२४ मध्ये जपानमध्ये चार, युरोपात तीन आणि ऑस्ट्रेलियात एकच स्टार मिळाला. प्रत्येक देशाची चाचणी आणि गुण देण्याची पद्धत वेगळी असते, त्यामुळे हे आकडे तराजूत घालून सरळ तोलता येत नाहीत. तरी अर्थ स्पष्ट आहे. मागच्या काचेवरचं नाव पाहून गाडीची मजबुती कळत नाही. ब्रिटन आणि जपानच्या स्विफ्टमध्ये पुढे अडथळा दिसला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते, आपल्याकडच्या स्विफ्टमध्ये ती नाही. किमतीतल्या फरकाचा एक भाग इथेही आहे.

कायद्याने काय बदललं?

आपल्याकडे जे बदललं ते बऱ्याच अंशी कायद्याच्या रेट्याने. एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी शिट्टी आणि वेगाची सूचना सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना २०२१ च्या अखेरीपासून लागू झाली. सहा एअरबॅगच्या सक्तीची घोषणा झाली, पण ती मागे पडली. तरीही २०२४-२५ मध्ये स्विफ्ट, सेलेरिओ, वॅगन आर आणि अल्टो के-१० मध्ये कंपनीने सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना दिल्या. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणीही सुरू झाली, पण ती ऐच्छिक आहे.

कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव वारंवार सांगत आले आहेत की प्रदूषण आणि सुरक्षेच्या नियमांमुळे छोटी गाडी महाग झाली आणि मोटारसायकलवरचं कुटुंब गाडीपर्यंत पोहोचू शकलं नाही. जपानमधल्या ६६० सीसीच्या ‘केई’ गाड्यांसारखी सवलत भारतातही मिळावी, असंही त्यांनी सुचवलं. या म्हणण्यात तथ्य आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं गेली. त्यात जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती आणि सुमारे २१ हजार कारमधली. मोटारसायकलवर बायको आणि दोन मुलांना बसवून भोकरदनहून जालन्याला येणाऱ्या माणसासाठी दोन स्टारची गाडीसुद्धा मोठी सुधारणाच आहे.

पण हा युक्तिवाद अर्ध्यावर थांबतो. स्वस्त गाडी आणि मजबूत गाडी यांपैकी एकच मिळेल, असं कुठे आहे? टाटा टियागोला २०२० च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत चार स्टार मिळाले होते आणि पुण्यात बनणाऱ्या अल्ट्रोझला पाच. जीएसटी कमी झाल्यावर टियागोची सुरुवात ४ लाख ५७ हजारांवर आली. म्हणजे पाच लाखांच्या आतही बऱ्यापैकी मजबूत गाडी बनवता येते. इच्छा हवी आणि मागणी हवी.

समृद्धी दारात, गाडी हलकी

जालन्यासाठी हा प्रश्न आता जास्त तातडीचा आहे, कारण समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ५ जून २०२५ ला नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला. कारसाठी वेगमर्यादा १२० आहे. ज्या चाचणीत गाड्या शून्य-एक स्टारवर अडकतात, ती ६४ किलोमीटर वेगाने होते! जून २०२४ मध्ये याच मार्गावर कडवंचीजवळ चुकीच्या दिशेने आलेली कार समोरून येणाऱ्या कारवर आदळली आणि अनेकांचे जीव गेले. अशा धडकेत पाच स्टारही हमी देत नाहीत, पण पत्र्याचा सांगाडा टिकणं आणि चुरगळणं यातच कधी कधी जगण्या-मरण्याचा फरक असतो.

दुसरी बाब आपल्याच हातातली आहे. २०२२ मध्ये सीटबेल्ट न लावल्याने १६ हजार ७१५ माणसं गेली, त्यात निम्मे प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर बिनाबेल्टचे होते. आपल्याकडे लग्नाला निघताना पाच सीटच्या गाडीत अम्मी-अब्बांसह आठ जण आणि मांडीवर दोन मुलं, हे चित्र नेहमीचं. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. मांडीवरच्या मुलाला ती वाचवत नाही, उलट इजा करू शकते.

घेताना काय पाहावं?

आपल्या समाजात व्याज टाळण्यासाठी रोख पैशांत गाडी घेणारी कुटुंबं बरीच आहेत. हिशेबाने पाहिलं तरी ते शहाणपणाचंच. पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर सुमारे १ लाख ३० हजार व्याज जातं. जीएसटी आणि कंपनीची कपात मिळून स्विफ्टवर वाचले त्याच्या जवळपास दुप्पट. पण रोख रक्कम कमी पडली की मग मोर्चा जुन्या गाडीकडे वळतो आणि धोका तिथेच असतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्वस्त अल्टो किंवा वॅगन आरमध्ये बहुधा ना एअरबॅग असते ना एबीएस. म्हणून जुनी गाडी घेताना रंग आणि किलोमीटर नंतर पाहा, आधी आरसी बुकवर गाडी कधी बनली ते पाहा. जानेवारी २०२२ किंवा त्यानंतर बनलेली असेल तर दोन एअरबॅग आणि एबीएस कायद्यानेच आलेले असतात. गाडी पूर्वी ठोकलेली असेल तर एअरबॅग खरोखर पुन्हा बसवली आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या.

नवी गाडी घेताना शोरूममध्ये तीन गोष्टी विचारा. ही गाडी भारत एनकॅपमध्ये तपासली आहे का? मोठ्यांसाठी किती आणि मुलांसाठी किती स्टार? कारण अल्टो के-१० ला २०२३ मध्ये मोठ्यांसाठी दोन, पण मुलांसाठी शून्य स्टार होता. आणि तपासलेली गाडी व मी घेतोय ते मॉडेल एकच आहे का? सेल्समन सनरूफ आणि टचस्क्रीन दाखवील. त्याला या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली पाहिजेत.

सरकारकडेही एक सरळ मागणी करायला हवी. लहान गाड्यांना करात एवढी मोठी सवलत दिलीच आहे, तर त्या बदल्यात त्यांची भारत एनकॅप चाचणी सक्तीची करावी आणि फ्रिजवर जसे स्टार छापलेले असतात तसे गाडीच्या काचेवरही छापावेत. जनतेच्या तिजोरीतून सूट मिळते, तर गाडी किती मजबूत आहे हे जाणून घेण्याचा जनतेला हक्क आहे. युरोपातली मुलं पाच स्टारच्या लायक आणि जालन्यातली एका स्टारच्या, असा भेद कोणत्याही बाजाराने करू नये. तो कंपन्या आपणहून थांबवणार नाहीत. चाकणच्या पोलोने दाखवलं की विचारणारा कोणी असला की तो थांबतो.