सूर घरचा, लाज कुणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

कॉलेजात आलो त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाकावरील मित्राने विचारले, "घरी काय करतात?" मी म्हणालो, "शेती." ते खोटे नव्हते, पण अर्धेच खरे होते. आमचे आजोबा सनई वाजवीत. चुलते बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवतात. आठवीपासून मीही त्यांच्याकडून हौसेने शिकलो होतो. कॉलेजला निघताना मात्र पेटी माळ्यावर टाकली आणि दीड वर्ष तिला हात लावला नाही.

असे का झाले? ज्यांच्या सुरांवाचून वरात जागची हलत नाही, त्यांना शेवटच्या पंगतीला, तेही मांडवाबाहेर बसवलेले मी लहानपणी पाहिले आहे. वडील म्हणतात, "तू शिकायला गेलास, वाजवायला नव्हे." त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या पिढीला वाजवणे ही हौस नव्हती, गावाने गळ्यात घातलेले काम होते. ते सुटावे म्हणूनच त्यांनी मला, घरातल्या पहिल्या मुलाला, कॉलेजात धाडले.

गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी जव्हारकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. रात्री एका वृद्ध वारली बाबांनी तारपा वाजवला. वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचे लांब तोंड. श्वास न तोडता ते वाजवीत होते आणि हातात हात गुंफून माणसे त्यांच्याभोवती फेर धरीत होती. तारप्याकडे पाठ करायची नाही, अशी तिथली रीत. वाजवणारा अगदी मधोमध! मला मांडवाबाहेरची आमची पंगत आठवली.

सकाळी बाबांनी नळीतली पत्ती काढून दाखवली. सनईला जोडपत्ती असते, तारप्याला एकेरी. माझ्या क्लॅरिओनेटलाही एकेरीच! जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या डेनर या कारागिराने १७०० च्या सुमारास घडवलेले वाद्य आणि जव्हारच्या रानातला तारपा, दोघांचाही आवाज एकाच पत्तीच्या थरथरण्यातून निघतो. गारुड्याची पुंगीही त्याच कुळातली. एकाला आपण विलायती म्हणतो, दुसऱ्याला रानटी. प्रत्यक्षात ही भावंडेच की!

शिबिराहून थेट घरी गेलो नि पेटी उघडली. पत्ती तडकली होती, ओठ सैल पडले होते. पहिल्या दिवशी नुसती चिरकी निघाली. चुलते हसले नाहीत. नवी पत्ती हातावर ठेवून म्हणाले, "आठ दिवस नुसता सा धर." धरला. आता वसतिगृहाच्या गच्चीवर रोज अर्धा तास वाजवतो. परीक्षा जवळ आली तरी तो अर्धा तास सोडवत नाही.

मित्रहो, लोककला जगली पाहिजे, अशी भाषणे आपण नेहमी ऐकतो. दारातली सनई मैफिलीत नेणाऱ्या बिस्मिल्ला खाँसाहेबांना २००१ साली भारतरत्न मिळाले. क्लॅरिओनेटवर कर्नाटक संगीत वाजवणारे तमिळनाडूचे ए. के. सी. नटराजन २०२२ साली पद्मश्री झाले. याचा आपल्याला अभिमान वाटतो. परंतु पाहुण्यांच्या स्वागतासाठी बोलावलेले संबळ-सनईवाले पाहुणे आत गेल्यावर फाटकाशीच उभे राहतात. त्यांना पाणी तरी कुणी विचारतो का? डीजेने त्यांचे पोट मारले हे खरे आहे, पण मान आपणच मारला.

म्हणून माझी एक सूचना आहे. गॅदरिंगमध्ये एकांकिका आणि फिशपाँड यांच्या जोडीला एक तास लोकवाद्यांना द्यावा. आसपासच्या वादकांना रीतसर निमंत्रण आणि मानधन द्यावे, त्यांना रंगमंचावर बसवावे आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावे छापावीत. खर्च फार नाही. वाजवणाऱ्यांच्या मुलांनी वाजवलेच पाहिजे, असे मात्र कुणी म्हणू नये. ज्याला शिक्षक व्हायचे त्याने शिक्षक व्हावे. वडिलांनाही मी एवढेच सांगेन की सक्ती सुटली हे उत्तम झाले, पण सूर का सोडायचा?

पुढच्या गॅदरिंगला मी वाजवणार आहे. चुलत्यांना यायला सांगितले आहे. "आम्ही कुठे बसायचं?" असे त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. ते आपण सर्वांनी मिळून द्यावे, ही नम्र विनंती.