वेग कोणाचा, दंड कोणाला?

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा वाहनांचा वेग मोजते आहे. टोल तर फास्टॅगमधून परस्पर वळता होतो. राष्ट्रीय महामार्गांवर त्याची सक्ती २०२१ मध्येच झाली. बोरघाटातले अपघात ज्यांनी पाहिले, त्यांना वेगमर्यादेचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. यंत्राला आमचा विरोध नाही. प्रश्न आहे तो यंत्राने कोणाकडे पाहावे, हा.

मालमोटारीचा चालक हौसेखातर भरधाव धावत नाही. माल अमुक वाजता पोचलाच पाहिजे, हा हुकूम मालकाचा वा व्यापाऱ्याचा. दंड मात्र पुष्कळदा चालकाच्या पगारातून कापला जातो. वास्तविक १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ नोकराला मर्यादेबाहेर गाडी हाकावयास लावणाऱ्यालाही दोषी धरते. वेगमर्यादा मोडल्यावाचून पाळताच येणार नाही असे वेळापत्रक हा त्याच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा होय, असेही तेथे नमूद आहे. कलमाचा हा भाग कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि तो दाखवण्याची घाईही कोणास नाही.

चालकाच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. मर्यादा कागदावर तीच आहे. ती मोजणार कोण? गाडीने कोणता नाका किती वाजता ओलांडला, याची नोंद फास्टॅगपाशी असतेच. ती पैशाच्या हिशेबापुरती न ठेवता कामगार निरीक्षकाच्या हाती द्यावी, ही मागणी चालकांत काम करणाऱ्या साथींनी कामगार आयुक्तांपुढे लेखी मांडावी.