चावी कुणाकडे?



पुस्तकांच्या कपाटाची चावी मी वर्गातल्या सगळ्यात वेंधळ्या मुलाकडे दिली. “बाई, तो हरवील!” एकच गिल्ला झाला.

तेव्हा मी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी, निराधार मुलींना त्यांनी पुण्याजवळ केडगावला आणलं. नुसतं जेवू घातलं नाही, तर कामंही सोपवली. शेती, विणकाम आणि चक्क छापखाना! रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल छापायचं होतं. एक खिळा चुकला तर शब्द बिघडणार! तरी ते काम मुलींकडेच. येशूच्या एका दाखल्यात धनी परगावी जाताना आपलं धन चाकरांवर सोपवतो. रमाबाईंनीही तसंच केलं. १९२२ साली त्या वारल्या, पण काम थांबलं नाही. १९२४ साली संपूर्ण बायबल मुक्तीसदनातल्या छापखान्यातूनच बाहेर पडलं.

आणि आमची चावी? एकदा घरी राहिली. पोरगा भर पावसात धावत जाऊन घेऊन आला. आता ती करगोट्याला बांधलेली असते!

पालकहो, विश्वास आधी टाकावा लागतो, लायकी मागून येते. तुमच्या घरातली कुठली चावी मुलांकडे आहे?

– तुमच्या बाई, रत्नागिरी