अणुभट्टी निर्दोष, घर दोषी

डिसेंबर १९८४. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्यापाशी किरणोत्साराची घंटा वाजायची. केंद्रातून वीजनिर्मिती अजून सुरूही झाली नव्हती आणि घंटा वाजत होती तो कामावर येताना! खापर अणुभट्टीवर फोडण्याची सोयच उरली नाही. दोषी निघाले त्याचे घर.

घराखालच्या खडकातील युरेनियमच्या क्षयातून रेडियम आणि त्यातून रेडॉन तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून तो वर येतो. थंडीत बंद करून तापवलेले घर तर त्याला खालून ओढूनच घेते. घात करतात ते त्याच्यापासून निपजणारे पोलोनियमचे अणू. श्वासावाटे ते फुफ्फुसात चिकटतात आणि अल्फा किरणांनी पेशींतील डीएनएची मोडतोड करतात. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाने तेथे दरवर्षी सुमारे २१ हजार मृत्यू यामुळे होतात. युरोपातील १३ अभ्यासांच्या २००५ मधील एकत्रित विश्लेषणानुसार घनमीटरमागे दर १०० बेकरेल वाढीला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. सिगारेट ओढणाऱ्याचा मूळ धोकाच मोठा, म्हणून ही वाढ त्याला सर्वाधिक महागात पडते.

उपाय मात्र साधा आहे. कोळशाची डबी काही दिवस तळघरात ठेवून चाचणी होते. प्रमाण जास्त निघाले तर फरशीखालून छपराच्या वरपर्यंत नळी न्यायची, तिला पंखा जोडायचा. वॉट्रस कुटुंब असेच उपाय करून त्याच घरात परतले. तरीही अमेरिकेत चाचणी आठवते ती बहुधा घर विकताना, भाव पाडून घ्यायला. भाडेकरूला कोण विचारतो? १९८८ च्या कायद्याने घरातील हवा बाहेरच्याइतकी रेडॉनमुक्त करण्याचे ध्येय लिहिले, सक्ती मात्र टाळली. आयर्लंडने १९९८ पासून नव्या घरांच्या बांधकामातच रेडॉन रोखण्याची तरतूद बंधनकारक केली. शहाणपण त्यात आहे.

वॉट्रसच्या घराखालचा युरेनियमयुक्त खडकाचा पट्टा पेनसिल्व्हेनियातून पुढे न्यू जर्सीत जातो, जिथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तळघरातच कुणाचे ऑफिस, कुणाच्या मुलांची खेळाची खोली, कुठे भारतातून आलेल्या आईबाबांचे अंथरूण. त्यांनी कायद्याची वाट पाहू नये. या हिवाळ्यातच चाचणी करावी आणि आकडा चार पिकोक्युरी प्रतिलिटर किंवा त्याहून अधिक आला, तर नळी बसवूनच घ्यावी.