हृदयास साहाय्य करणारा पंप व त्याचा वेग

निरोगी मनुष्याचें हृदय विश्रांतीच्या वेळीं दर मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त पुढें लोटतें. तोच मनुष्य जिना चढूं लागला म्हणजे हें प्रमाण आपोआप वाढतें. हृदयांत रक्त जितकें अधिक येईल तितक्या जोरानें तें आकुंचन पावतें, हें याचें एक कारण होय. फ्रँक व स्टार्लिंग या शास्त्रज्ञांच्या नांवानें हा नियम प्रसिद्ध आहे.

ज्यांचें हृदय थकलें आहे अशा कित्येक रोग्यांच्या छातींत आतां एक लहानसा पंप बसवितात. डाव्या कप्प्यांतील रक्त ओढून महाधमनींत लोटावें, एवढेंच त्याचें काम. २०१७ सालीं अमेरिकेंत मान्यता पावलेल्या 'हार्टमेट ३' पंपाचें चक्र चुंबकशक्तीनें अधांतरीं राहून मिनिटास सामान्यतः ५ ते ६ हजार फेरे घेतें. दर २ सेकंदांनीं हा वेग क्षणभर कमीजास्त होतो खरा. पण तो पंपांत रक्त साचून गुठळी होऊं नये म्हणून. रोगी निजला आहे कीं चालत आहे, याची पंपास दाद नाहीं. मूळ वेग डॉक्टर ठरवितात.

आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? रोग्याच्या अंगांतील पाणी आटलें व कप्प्यांत रक्त थोडें उरलें, तरी पंप ओढीतच राहिला, तर कप्प्याची भिंतच त्याच्या तोंडाशीं खेंचली जाते. अशी चाहूल लागतांच वेग थोडा वेळ उतरविण्याची सोय या पंपांत आहे; परंतु ती संकट आल्यानंतरची. उलट वेग अपुरा पडला तर रक्त मागें तुंबून रोग्यास धाप लागते.

वाफेच्या एंजिनास जेम्स वॉटनें १७८८ सालीं नियामक बसविला, तसा येथें कां नसावा, असें आमचा एखादा चतुर विद्यार्थी विचारील. परंतु तो नियामक ओझें बदललें तरी वेग कायम राखतो. येथें तर वेगच गरजेप्रमाणें बदलावयाचा आहे. त्यासाठीं कप्प्यांतील दाब सतत मोजला पाहिजे; आणि रक्तांत वर्षानुवर्षें राहून खरें माप सांगणारें साधन करणें फार कठीण. विजेच्या खर्चावरून प्रवाहाचा अंदाज बांधतां येतो, पण पंपांत गुठळी झाली कीं तोही फसवा ठरतो. चुकीच्या मापावर विसंबून वेग बदलणारें यंत्र हें मुळींच न बदलणाऱ्या यंत्राहून वाईट, असें आम्हांस वाटतें.

तथापि ही खटपट सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. पंपावर जगणाऱ्या आजोबांनीं नातवामागें चार पायऱ्या चढूंच नयेत काय? आमच्या मतें वेगाची खालची व वरची मर्यादा डॉक्टरांनीं घालून द्यावी, तेवढ्यांतच यंत्रास मोकळीक असावी, व मापाविषयीं शंका येतांच त्यानें ठरल्या वेगावर परतावें. हें सर्व रोग्यास व त्याच्या घरच्यांस शस्त्रक्रियेपूर्वींच समजावून सांगितलें पाहिजे. कारण बॅटरी बदलणें व धोक्याची सूचना ऐकून धांवणें हें काम घरीं त्यांनाच करावें लागतें.